चौसष्ट हरकती आणि राहून गेलेली एक

मुक्काम नेहमीचाच, जि. वाशीम
मंगळवार, दुपारी दोन वाजता

आदरणीय किशनराव यांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे नथ्थूचा, दोन्ही हात जोडून नमस्कार पोचावा. (आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. पण तुम्ही माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, उगाच म्हातारे केल्यासारखं वाटेल म्हणून कागद बदलला.) तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? मागे आलो तेव्हा तुम्ही पायऱ्या चढताना देवाचं नाव घेत होता आणि उतरताना डॉक्टरचं, त्यावरून उतरताना जास्त दुखत असावं असा मी अंदाज बांधला. वहिनींची साखर ताब्यात असेल. म्हैस व्याली असल्यास वगार झाली की टोणगा ते कळवा. कारंज्याच्या बाजारात तुरीचं काय चाललं आहे तेही लिहा, म्हणजे उत्तरात काय लिहावं असा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. इकडे सगळं क्षेम आहे. निदान मी क्षेम आहे. सीता माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात चांगली शांतता असते.

तुम्ही म्हणाल, आजच्या दिवसांत पत्र कोण लिहितो. फोन केला असता, पण आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते आणि त्या खिडकीशी तुमची बहीण असते. बाहेर रस्त्यावर उभं राहून बोलावं तर निम्मं गाव ऐकतं, आणि सध्या मी निम्म्या गावाला तोंड दाखवत नाही. ती आत्ता मळ्यात गेली आहे, तेवढ्यात लिहून साडेतीनच्या कारंजा गाडीच्या कंडक्टरकडे हे पत्र देणार आहे. (स्टँडवर अजून एवढी ओळख उरली आहे.) काही मागणं नाही, कसलं काम नाही. मन मोकळं करायला घरचं एक माणूस असावं म्हणून लिहितो आहे, एवढंच समजा.

दीड महिन्यापूर्वी आमच्या नगरपरिषदेनं शहर वाहतूक सुधारणा आराखडा जाहीर केला. जाहीर केला म्हणजे घंटागाडीवर लावला. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा हे गाणं संपलं की एक बाई सांगायची, स्टँड ते गुरांचा जुना दवाखाना हा मुख्य रस्ता एकेरी होणार, सम तारखेला गाड्या डाव्या हाताला आणि विषम तारखेला उजव्या हाताला लावायच्या, नागरिकांनी आपापल्या हरकती व सूचना पंधरा दिवसांच्या आत लेखी द्याव्यात. लोक कचऱ्याची टोपली हातात घेऊन दारात उभे राहून ऐकायचे आणि तिकडे घंटागाडी निघून जायची, त्यामुळे त्या आठवड्यात बराच कचरा घरातच राहिला. आमच्या गावात हरकत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पण आजवर आम्ही हरकती चहाच्या टपरीवर घेतल्या, लग्नाच्या पंगतीत घेतल्या, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकडी करून घेतल्या. लेखी कुणी मागितल्याच नव्हत्या. लेखी म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे उतरले.

आता इथून माझा दोष सुरू होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. मी एसटीत एकोणतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो हे तुम्हाला माहीत आहे, कारण मी ते दर सणाला सांगतो. खरं म्हणाल तर (हे फक्त तुमच्याजवळ) एकोणतीस वर्षांत मी एकाही वाहनाचं नियंत्रण केलेलं नाही. मंगरूळपीरची गाडी यायची तेव्हा यायची. ती फलाटाला लागली की मी माइकवरून सांगायचो की ती फलाटाला लागली आहे, आणि लोकांना ते आधीच ठाऊक असायचं, कारण तोवर ते खिडकीतून रुमाल टाकत असायचे. पण पोहरादेवीच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात, हजार माणसं फलाटावर उभी असतात आणि माइक एकट्या आपल्या हातात असतो, तेव्हा माणसाला वाटायला लागतं की हे सगळं आपल्या आवाजावर चाललं आहे. तो भ्रम निवृत्तीच्या दिवशी हार आणि नारळासोबत घरी आला. त्यात माझी कार्यालयीन मराठी. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' हे मी एका दमात लिहितो, आणि ते लिहिताना मला जो आनंद होतो तो श्रीखंडानंही होत नाही.

पहिला अर्ज शेजाऱ्याचा लिहून दिला. दुसरा त्याच्या साडूचा. तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर रांग लागली. मेडिकलवाल्याच्या अर्जात मी सिद्ध केलं की गाड्या दुकानासमोरच लागल्या पाहिजेत, कारण रोगी चालू शकत नाही. त्याच्याच शेजारच्या साडीवाल्याच्या अर्जात सिद्ध केलं की समोर एकही गाडी लागता कामा नये, कारण गाडीमागे साडी दिसत नाही. एका गृहस्थाला गतिरोधक हवा होता, पण शेजाऱ्याच्या दारासमोर. दोन सख्खे भाऊ आले, एकाला रस्ता स्टँडकडून एकेरी हवा होता आणि दुसऱ्याला स्टँडकडे, दोघांचेही मी एकाच बैठकीत, तितक्याच कळकळीनं लिहिले. महिना एकतीस दिवसांचा असला की एकतीस तारीखही विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम, तेव्हा गाडी हलवायची नाही, ही बारीक गोष्ट मी अकरा जणांना बोटं मोजून समजावली. माझं स्वतःचं मत काय ते विचारू नका. त्या पंधरा दिवसांत ते मला सापडत नव्हतं आणि मी शोधायलाही गेलो नाही. नगरपरिषदेच्या आवक-जावक खिडकीवर सुकेशनी मॅडम असतात, त्या मला लांबून पाहूनच शिक्क्याला शाई लावायला घ्यायच्या आणि विचारायच्या, "काका, आज किती आनले?" मला वाटायचं, किशनराव, की निवृत्तीनंतर मी आता कुठे कामाला लागलो.

याच गडबडीत एका संध्याकाळी सीता मळ्यातून आली, डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि म्हणाली, "आपलंही एक लिवून ठेवजा. आमी बसतो तिथी गाड्याचे पट्टे मारून राह्यले म्हनते." तिची जागा तुम्ही पाहिली आहे. दवाखान्याच्या भिंतीला लागून निंबाची सावली पडते, तिथे गोणपाट अंथरून ती एकोणीस वर्षं आपल्याच मळ्यातली भाजी विकते. तिच्या रांगेत आणखी अकरा बाया आहेत. मी मान वर न करता म्हणालो, तुझं घाईघाईत कशाला, तुझं शेवटी निवांत लिहू, चांगल्या जाड कागदावर. मला ते बोलणं फार प्रेमाचं वाटलं होतं. तिलाही वाटलं असावं, कारण त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि रांगेतल्या बायांना सांगून टाकलं की आपली काळजी नाही, आपलं घरातलंच माणूस लिहितं आहे.

मग धनराज आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान तिच्या रांगेच्या बरोबर समोर आहे. येताना गरम जिलेबी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, गिऱ्हाईक गाडी लावाले जागा पाह्यते अन् निंघून जाते. असं लिवा का साहेब खुर्चीतून उठला पाह्यजे." माझ्यासारख्या माणसाला असं काही सांगू नये. मी पेनाचं टोपण काढलं, जिलेबीचा हात धोतराला पुसला (हो, पुसला, तो डाग गेला नाही हीसुद्धा घरातली एक तक्रार आहे) आणि लिहिलं: 'सदर रस्त्याच्या उत्तर बाजूस गोणपाट अंथरून बसणाऱ्या अनधिकृत इसमांमुळे वाहतुकीचा श्वास कोंडला असून, सदर अतिक्रमणाचा समूळ बंदोबस्त करून उक्त जागा वाहनतळास उपलब्ध करणे हे शहराच्या आरोग्यास व सौंदर्यास अत्यावश्यक आहे.' मी ते धनराजला दोनदा वाचून दाखवलं. एकदा त्याच्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी.

किशनराव, शपथेवर सांगतो, ते लिहिताना सीता माझ्या डोळ्यांसमोर आली नाही. दहा फुटांवर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती तरी आली नाही. या कार्यालयीन मराठीत बाई मावत नाही, तिचा इसम होतो. मेथी मावत नाही, तिचं अतिक्रमण होतं. आपल्याच बायकोला 'सदर' म्हटलं की माणूस तिला ओळखत नाही, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही एक अर्ज लिहून दिला असता.

शेवटच्या दिवशी पाच वाजता खिडकी बंद होणार होती. पावणेपाचला मी चौसष्टावा अर्ज देत होतो, कुणा एकाच्या कोंबड्या गाड्यांखाली येतात त्याबद्दलचा. शिक्का मारून सुकेशनी मॅडमनी खिडकी लावली. घरी आलो तर सीतेनं न मागता चहा ठेवला, कपबशीत साखर जास्त घातली होती. मी चौसष्ट आकडा सांगितला. ती म्हणाली, "लय झाले." मी मान डोलावली. जाड कागद मी आणलाच नव्हता, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो, कारण तिथे जमलेल्या बहुतेक हरकती माझ्याच होत्या. सीता आणि तिच्या रांगेतल्या बाया मागे दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. पहिला तास एकेरी रस्त्यावरून वरात कशी जाईल यात गेला. आमच्याकडे वरात मारुतीला नारळ फोडून त्याच रस्त्यानं परत येते, म्हणजे ती एकदा तरी उलटी जाते. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, वरात हे वाहन नाही. त्यावर एकानं विचारलं, मग नवरदेव घोड्यावर बसतो तो घोडा वाहन आहे का, आणि असल्यास तो सम तारखेला कोणत्या बाजूला बांधायचा. पोळ्याच्या बैलांचाही विषय निघाला. मग आमच्या आळीतले रामधनबाबा काठी टेकत उठले. बाबांचं वय ब्याऐंशी. ते म्हणाले, "साहेब, माह्या घरून मसनवट दोनशे पावलावर हाय. तुमच्या एकेरीनं मले गावभर फिरवून नेतीन. जितेपनी लय फिरलो. आता सरळ नेऊ द्या." सगळं सभागृह हसलं, बाबा हसले नाहीत. साहेबांनी ती सूचना म्हणून नोंदवून घेतली.

नंतर साहेबांनी अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला. पहिल्यांदा त्यांनी इथल्या शाळांचं कौतुक केलं, कारण गावातल्या चौसष्ट माणसांचं अक्षर सारखंच वळणदार आहे असं त्यांना दिसून आलं होतं. सुकेशनी मॅडमनी खाली पाहिलं. मग त्यातून एक कागद काढून ते म्हणाले की हा अर्ज सर्वांत मुद्देसूद आहे, आणि तो मोठ्यानं वाचू लागले. पहिल्या तीन शब्दांत मी माझं वाक्य ओळखलं. मी डोळे मिटले. साहेबांचा आवाज चांगला भरदार आहे, माइकवर शोभला असता. 'वाहतुकीचा श्वास कोंडला असून' इथे ते योग्य जागी थांबले, आणि माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. मनातल्या मनात नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. 'समूळ बंदोबस्त' आल्यावर मी डोळे उघडले. 'गोणपाट' हा शब्द तोवर मागे पोचला होता आणि माझ्या मानेला तो पोचल्याचं कळत होतं.

धनराजचा अर्ज टेबलावर ठेवून साहेब म्हणाले की विशेष म्हणजे भाजी विक्रेत्यांची एकही हरकत आलेली नाही, तेव्हा त्यांची संमती आहे असं धरून त्यांना नाल्यापलीकडच्या ओट्यांवर जागा देण्यात येते, सगळा आराखडा पंधरा दिवस प्रयोग म्हणून करून पाहू आणि त्यानंतर पुन्हा एकदा ऐकून घेऊन कायम करू. मी मागे वळून पाहिलं. अकरा बाया सीतेकडे पाहत होत्या आणि सीता माझ्याकडे पाहत होती. ती रागावलेली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त माझ्याकडे पाहत होती, सामान उतरवल्यावर टोपल्यात काही राहिलं का ते पाहतात तसं. मग पदर खोचून उठली आणि बायांना म्हणाली, "चाला, मेथी सुकते."

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि एकच विचारलं, "थे श्वास कोंडल्याचं तुमीच लिवलं ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "चांगलं लिवलं." त्याला आज दोन आठवडे होतात. तेव्हापासून जेवायला वाढते, पाणी तापवून देते, पण बोलत नाही. तुम्हाला आठवतं का, आमचा संप झाला तेव्हा पगाराविना मी सहा महिने घरी बसून होतो. सगळ्यांना भाषणं देत फिरायचो. त्या सहा महिन्यांत आमची चूल, पोरीची फी, माझ्या बीपीच्या गोळ्या, सगळं त्या निंबाखालच्या गोणपाटावर चाललं, आणि तिनं एकदाही ते बोलून दाखवलं नाही. तिथून तिला मी उठवलं. मला लाज वाटते, किशनराव. हे वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं आहे, ते तसंच राहू द्या.

नाल्यापलीकडचे ओटे तुम्ही पाहिले नसतील, कारण कुणीच पाहिलेले नाहीत. बांधल्यापासून तिथे बकऱ्या बसतात. गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही, आणि फिरकलं तर बकऱ्या आधी भाजी पाहून घेतात. रोज अर्धं टोपलं परत येतं. दोन आठवडे आम्ही दोन्ही वेळा मेथी, वांगी, पुन्हा मेथी असं खातो आहोत. वाढताना ती काही बोलत नाही, पण मला वाढलेल्या मेथीचं माप रोज वाढतं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग तू काही केलं नाहीस का. केलं, आणि करायला नको होतं. आधी मी धनराजचा अर्ज मागे घ्यायला गेलो. सुकेशनी मॅडम म्हणाल्या, "काका, अर्ज धनराजभाऊचा हाय. तुमी कायले मागं घेता?" तेव्हा धनराजकडे गेलो. तो म्हणाला, "काका, येवढं झकास लिवलं, आता मागं घेतलं तं तुमचाच अपमान होते." मला त्याचं म्हणणं क्षणभर पटलं, हेही तुमच्यापासून लपवत नाही. मग मी असं ठरवलं की निदान तिची जागा दुसऱ्या कुणाला सवयीची होऊ द्यायची नाही. ती बाजू विषम तारखेची. तेव्हा विषम तारखेला पहाटेच जाऊन माझी स्कूटर नेमकी तिच्या गोणपाटाच्या जागी, पांढऱ्या पट्ट्यात लावायची, आणि सम तारखेला समोर धनराजच्या बाजूला लावून तिथून पहारा ठेवायचा. चार दिवस हे छान चाललं. एकतीस तारखेला स्कूटर तिच्या जागी होती. दुसऱ्या दिवशी उठलो, काल विषम होती म्हणजे आज सम, असा हिशेब केला आणि स्कूटर समोर नेऊन लावली. तारीख एक होती. अकरा माणसांना मी बोटं मोजून शिकवलं, बारावा मीच होतो.

गाड्या उचलायला नगरपरिषदेकडे वेगळं वाहन नाही, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. चार माणसांनी स्कूटर उचलून ट्रॉलीत आडवी घातली आणि दोरानं बांधली. माझ्या त्या अकरा विद्यार्थ्यांपैकी दोघे तिथे उभे होते, त्यांच्या गाड्या योग्य बाजूला होत्या. रस्ता एकेरी असल्यामुळे (त्याच्या बाजूनं मी सतरा अर्ज लिहिले होते) ट्रॉली सरळ नगरपरिषदेत न जाता सगळ्या गावाला वळसा घालून, नाल्यापलीकडून गेली. मी मागून पायी होतो. ओट्यांवर बारा बाया बसल्या होत्या. सीतेनं आधी ट्रॉलीतली स्कूटर पाहिली, मग मला पाहिलं, आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. शेजारची बाई हसायला लागली तेव्हा तिनं तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. त्यातल्या त्यात मला तेवढाच आधार वाटला.

तर असं आहे सगळं. येत्या शुक्रवारी पुन्हा सुनावणी आहे, त्यात ठरेल ते कायमचं. मी नऊ पानांचं निवेदन तयार केलं आहे. त्यात वाहतुकीची सर्वसाधारण तत्त्वं, एसटीच्या फलाटरचनेचा अनुभव, घोड्यांचं वर्गीकरण आणि शेवटच्या पानावर भाजी विक्रेते, असा क्रम घेतला आहे. बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार सांगा, पोरांना आशीर्वाद द्या, गुडघ्याला तेल चोळा. लोभ आहे तो असू द्या, सध्या मला तो दुसरीकडून मिळत नाही.

तुमचा,
नथ्थू

ता. क. १ : एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. तुमच्या अंगणात ती जुनी पांढरी व्हॅन ताडपत्री टाकून उभी आहे, ती शुक्रवारच्या आत इकडे पाठवता येईल का? नियम मी बारकाईनं वाचले आहेत. त्या पट्ट्यात वाहनाला जागा आहे, बाईला नाही. पण वाहनाच्या आत कोण असावं आणि त्यानं काय विकावं याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. व्हॅन पट्ट्यात लावायची, मागचं दार उघडायचं आणि सीतेनं आत बसून विकायची भाजी. चालू नसली तरी हरकत नाही, ढकलत नेऊ. तेवढी विषम तारखेला पोचेल असं पाहा. मी 'काही मागणं नाही' असं वर लिहिलं ते लिहिलं तेव्हा खरंच होतं. सीतेला यातलं काही कळवू नका.

ता. क. २ : सीता मळ्यातून लवकर आली. पत्र तिनं सगळं वाचलं. (शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझं अक्षर ती गावाच्या आधीपासून वाचते.) वाचून झाल्यावर दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "आता मी सांगतो तसं लिवा. आपल्या मनचं एक अक्षर घालू नोका." ते असं:

"दादा, गाडीबिडी धाडू नोको. थे ढकलाले मानसं कोठून आनू. शुक्रवारी आमी बाराही जनी सुनावनीले जाऊन राह्यलो. बोलाचं मीच हाय. साहेबाची बायको रोज सांजच्याले माह्यापासूनच मेथी नेत होती. दोन हप्ते झाले, आली नाही. थे नाल्यापल्याड काहून येत नाही, येवढंच साहेबाले इचाराचं हाय. मले जास्ती बोलता येत नाही. पन हे तिथी असले का उठून उभे राह्यतीन. मंग साहेब याहीचंच आयकते, अन् हे लय चांगलं बोलते. चांगलं बोल्ल्यानंच माही जागा गेली. म्हून तू उद्या सकाळच्या गाडीनं ये अन् याहीले कारंज्याले घेऊन जाय. शनिवारपर्यंत ठेव. गोड देऊ नोको, बीपीची गोळी सकाळची असते. मनाचे वाईट नाही. फकस्त हाती पेन लागू देऊ नोको."

ता. क. ३ : किशनराव, वरचं सगळं तिचं आहे. दोन-तीन ठिकाणी हात शिवशिवला, पण मी काही सुधारलं नाही. सीतेचा एवढा एक अर्ज माझ्या हातून वेळेत लिहून झाला आहे, तो तुम्ही मंजूर करावा. माझी पिशवी तिनं भरून दारात ठेवली आहे.